गाळ, कुलूप आणि दहा दिवस

२१ जुलै २०२१ला बकरी ईद होती. करोनामुळे मशिदी बंद, ईदगाह बंद. नमाज आम्ही घरातच पढलो, मी पुढे आणि मागे मुलगा. पाऊस असा लागला होता की मटणाचे वाटे पोचवायला रेनकोट घालून जावं लागलं. बायको म्हणाली, यंदा पाण्याचं लक्षण बरं दिसत नाही. मी म्हणालो, चिपळूणला पाणी काय नवीन आहे? २००५ला दुकानात कंबरभर आलं होतं. त्या हिशेबाने सगळा माल मी कंबरेच्या वरच ठेवत होतो आणि त्या हुशारीचा मला अभिमानही होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीने मिळून माझा कंबरेचा हिशेब मोडला. तिसऱ्या दिवशी दुकानापर्यंत पोचलो. शटरच्या कुलपात गाळ इतका घट्ट बसला होता की किल्ली आतच तुटली. शेवटी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने ग्राइंडरने कुलूप कापलं. आत गेल्यावर आधी वर नजर गेली, कारण खाली बघवत नव्हतं. छताच्या पंख्याच्या पात्यांवर चिखल होता.

माझं दुकान शिवणकामाच्या सामानाचं. अस्तर, रिळं, बॉबिन, हुक, चेन, लेस, साडीचे फॉल. दोनशेच्या वर रंगांची रिळं होती. गाळाने सगळ्यांचा एकच रंग करून टाकला होता. पण मी शोधत होतो ती उधारीची वही. गल्ल्याखालच्या खणात होती. हाताला लागली तेव्हा ती वही उरली नव्हती, भिजलेल्या भाकरीसारखा लगदा झाला होता.

त्या वहीत सत्तर-ऐंशी जणांची नावं होती. दुसऱ्या आठवड्यात एक लेडीज टेलर बाई आल्या. चिखलात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, माझे अठराशे होते ना?" दोन हजार दिले आणि सुटे घ्यायला तयार होईनात. तशा आणखी चार-पाच जणी आल्या. बाकीच्यांच्या लक्षात राहिलं नसेल असं आज मी धरून चालतो. तेव्हा धरत नव्हतो. विम्याबद्दल लिहीत बसत नाही. पॉलिसीतला 'पूर' हा शब्द शोधायला मला भिंग आणावं लागलं, एवढंच सांगतो.

आमची मशीद नदीच्या बाजूला. तिथेही पाणी शिरलं होतं. चार दिवस आम्ही मोहल्ल्यातले तीस-चाळीस जण आणि बाहेरगावाहून आलेली पोरं मिळून फावड्याने गाळ ओढत होतो. ती पोरं कुठल्या गावची, कुठल्या जातीची, कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं. कपाटातल्या खालच्या तीन फळ्यांवरचे कुराण भिजून फुगले होते. काही आम्ही गच्चीवर वाळवायचा प्रयत्न केला. उन्हाचा पत्ता नव्हता. पानं एकमेकांना चिकटली आणि सोडवायला गेलं की अक्षरं सोबत उचलून यायची.

खराब झालेला कुराण रद्दीत देत नाहीत. आमच्याकडे 'थंड करणे' म्हणतात, म्हणजे वाहत्या, स्वच्छ पाण्यात सोडणे किंवा पायाखाली न येणाऱ्या जागी पुरणे. त्या आठवड्यात पाण्याचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती. मौलाना म्हणाले, दफन करू. कापड हवं होतं. दुकानातलं सगळं अस्तर गेलं होतं, पण घरी माळ्यावर पांढऱ्या कापडाचा एक ताका होता, गिऱ्हाइकाने ऑर्डर देऊन न नेलेला. तो आणला. एकेक कुराण गुंडाळला, कबरस्तानाच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी पोचत नाही तिथे खड्डा करून ठेवला. मी कापड फाडत होतो आणि हिशेब करत होतो की एकाला किती मीटर लागतंय. हे मी आज कबूल करतो. त्या वेळीसुद्धा डोक्यात मीटरच चालले होते.

आणि तोच माझा आजार होता.

रात्री दोनला डोळे उघडायचे. माल अमुक लाखाचा, उधारी अमुक, बँकेचं कर्ज, मुलाची फी, मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याचं देणं. बेरीज एकदा करून थांबलो असतो तर ठीक. मी तीच बेरीज पहाटेपर्यंत पंचवीस वेळा करायचो, जणू सव्विसाव्यांदा उत्तर बदलेल. पाऊस सुरू झाला की उठून खिडकीशी. बायको म्हणायची, पाणी तुमच्याकडे बघून मागे फिरणार आहे का? डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, गोळी सुरू केली, झोपेचीही दिली. गोळीने झोप यायची, पण सकाळी उठल्यावर बेरीज जिथे सोडली तिथूनच सुरू व्हायची.

मी काही अगदी धर्म सोडलेला माणूस नव्हतो. जुम्मा चुकवत नसे, रोजे पूर्ण ठेवत असे. पण पाच वेळची नमाज म्हणजे दुकान असणाऱ्याला जमत नाही, असं मी स्वतःला पंचवीस वर्षं सांगत आलो होतो. ७ ऑक्टोबर २०२१ला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. मी दुसऱ्या दिवशी फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजेला गेलो. यात भक्ती नव्हती. साडेचारपासून जागाच होतो; घरात छताकडे बघण्यापेक्षा मशिदीत गेलेलं बरं, एवढंच.

मौलानांच्या मागे दुसऱ्या रांगेत उभा राहिलो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या रीतीने चालणारे. फजरच्या दुसऱ्या रकातीत, म्हणजे नमाजेच्या दुसऱ्या फेरीत, रुकूत वाकून झाल्यावर उभं राहून, हात उचलून कुनूतची दुआ पढतो. 'अल्लाहुम्महदिनी फीमन हदैत.' ज्यांना तू वाट दाखवलीस, त्यांच्यात मलाही दाखव. लहानपणापासून पाठ होतं. त्या दिवशी अर्थ लक्षात आला म्हणून डोळ्यांत पाणी वगैरे आलं असं लिहिता आलं असतं. आलं नाही. सजद्यात कपाळ टेकलं आणि नाकात गाळाचा वास गेला. चटया तीनदा धुतल्या होत्या, तरी खालची फरशी ओल धरून होती. पुढचे काही महिने सजदा म्हणजे माझ्यासाठी पुराचा वास. सुब्हान रब्बियल आला, माझा रब सर्वांत उच्च, आणि नाकात वाशिष्ठी.

तरी जात राहिलो. दिवसाच्या फर्ज रकाती सतरा. फजर दोन, दुपारची जोहर चार, तिसऱ्या प्रहरची असर चार, सूर्यास्ताची मगरिब तीन, रात्रीची इशा चार. प्रत्येक रकातीत सूरह फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय. मी मोजणारा माणूस, त्यामुळे हे आकडे मला आवडले. पण गंमत अशी की दिवसभर लाखांच्या बेरजा बिनचूक करणारा मी चार रकाती मोजू शकत नव्हतो. तिसरी झाली की चौथी? मग शंका आली की सजदा-ए-सहू, म्हणजे चुकीचे दोन जादा सजदे. एका आठवड्यात मी एवढे केले की शेजारी बसणाऱ्या चाचांनी विचारलं, "भाई, तुम्ही नमाज पढता की स्टॉक घेता?"

हे चाचा बोटीवर सुकाणी होते. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेली. आता सत्तरीचे, गुडघे गेलेले, खुर्चीवर नमाज. त्यांचं अरबी वाचन मात्र घासूनपुसून लख्ख. एक दिवस म्हणाले, फजरनंतर अर्धा तास बस, तुझं वाचन ऐकतो. मी लहानपणी मकतबात कुराण वाचायला शिकलो होतो, सहा-सात वर्षांचा असताना, न कळता, डोलत डोलत. पंचेचाळिशीत पुन्हा तीच पोरं बसतात त्या बाकाशी बसायचं म्हणजे लाज वाटली. मग वाटलं, ज्याचं दुकान लोकांनी फावड्याने साफ केलं त्याला कसली लाज.

चाचांनी पहिल्याच दिवशी क़ाफ या अक्षरावर अडवलं. अरबीत दोन 'क' आहेत. एक आपला, दुसरा घशाच्या मुळातून येतो. "क़ल्ब म्हणजे हृदय," ते म्हणाले, "आणि तुझ्या तोंडून निघतंय ते कल्ब. म्हणजे कुत्रा." मराठी शाळेत शिकलेल्या जिभेला हा क सापडेना. पंधरा दिवस मी दुकानात गाळ उपसताना घशातून 'क़, क़' करत होतो. बायकोला वाटलं खोकला झाला.

त्यांनी मला पाठ करायला दिली ती सूरह रअदमधली अठ्ठाविसावी आयत, म्हणजे वचन. 'अला बिज़िक्रिल्लाहि तत्मइन्नुल क़ुलूब.' ऐका, अल्लाहच्या स्मरणानेच हृदयांना शांती लाभते. क़ुलूब म्हणजे हृदयं, क़ल्बचं अनेकवचन. मी ते वाचलं आणि कानाला आलं 'कुलूप'. डोळ्यांसमोर ग्राइंडरने कापलेलं माझं शटरचं कुलूप. चाचांना सांगितलं तर ते हसले आणि पानं उलटून सूरह मुहम्मदवर थांबले, चोविसाव्या आयतीवर. तिथे म्हटलंय, हे लोक कुराणावर विचार करत नाहीत का, की यांच्या क़ुलूबवर अक़्फ़ाल आहेत? अक़्फ़ाल म्हणजे क़ुफ़्लचं अनेकवचन, आणि क़ुफ़्ल म्हणजे टाळं. आपला कुलूप हा शब्द त्याच क़ुफ़्लपासून आलाय. मागची अक्षरं पुढे झाली, इतकंच. एका ओळीत हृदयही आणि कुलूपही. मी आयुष्यभर रोज सकाळी जी गोष्ट हातात धरत आलो, ती कुराणात बसली होती आणि मला पत्ता नव्हता.

त्या दिवशी घरी जाऊन मी मराठी भाषांतर काढलं. लग्नात मिळालेलं, माळ्यावर असल्यामुळे वाचलेलं. रोज दोन पानं वाचायला लागलो. घरी आम्ही आमची कोकणी बोलतो, मौलाना उर्दू बोलतात, नमाज अरबीत. पण मला एखादी गोष्ट आत लागायची असेल तर ती मराठीतून यावी लागते. याबद्दल काही जण नाक मुरडतात. मुरडू देत.

तरी झोप नव्हतीच. हिवाळा गेला, दुकान अर्धंमुर्धं उभं राहिलं.

मग रमजान आला. २०२२चा रमजान ३ एप्रिलला सुरू झाला. करोनाचे निर्बंध नुकतेच उठले होते, दोन वर्षांनी तरावीहला, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या जादा नमाजेला, मशीद भरली. आणि सतराव्या-अठराव्या रोजाला घरात भांडण झालं.

इतकी वर्षं रमजानात मी जकात काढत आलो होतो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी बचत ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने अडीच टक्के द्यायची. दुकानाचा माल मोजायचा, देणी वजा करायची, अडीच टक्के काढायचे, पाकिटं भरायची. पाकिटं देताना मी घेणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नसे, त्याला ओशाळं वाटू नये म्हणून. निदान मला तसं वाटायचं. त्या वर्षी जमातीच्या बैतुलमालचे, म्हणजे मदतनिधीचे, दोघे आमच्याकडे आले आणि बायकोच्या हातात पाकीट देऊन गेले. तेही डोळ्यांत बघत नव्हते म्हणे.

मी घरी आलो आणि भडकलो. परत करून ये म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, कुराणात जकातीचे आठ हकदार सांगितलेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे. तुम्ही कर्जात बुडालेले आहात की नाही तेवढं सांगा. सूरह तौबा, साठावी आयत. तिने ती कधी वाचली होती कोण जाणे. मी उत्तर दिलं नाही. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. माल गेल्याचं दुःख मी जगासमोर मांडत होतो. आतलं दुखणं हे होतं की देणाऱ्यांच्या रांगेतून मला घेणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं गेलं.

विसाव्या रोजाला, २२ एप्रिलला, जुम्मा होता. मौलाना म्हणाले, एतेकाफला बसणारे मगरिबच्या आधी बिछाना घेऊन या. मी नाव दिलं. लोकांना वाटलं, भाईंमध्ये मोठा बदल झाला. खरं कारण हे की मला घरातून, पाकिटापासून आणि घाऊक व्यापाऱ्याच्या फोनपासून दहा दिवस पळून जायचं होतं.

एतेकाफ म्हणजे रमजानचे शेवटचे दहा दिवस मशिदीत राहणं. पैगंबर दरवर्षी बसत. वफात, म्हणजे मृत्यू, झाली त्या वर्षी वीस दिवस बसले होते. बाहेर पडायचं ते शौचाला, आंघोळीला, वजूला, म्हणजे नमाजेआधी हात-पाय-तोंड धुवायला. आजाऱ्याला भेटायला किंवा मयतीला म्हणूनही जायचं नाही. मशिदीच्या मागच्या भिंतीला दोरी बांधून जुन्या चादरींचे पडदे लावले, प्रत्येकाला साधारण गादीएवढी जागा. आम्ही चौघं होतो. चाचा. कुरिअरची पार्सलं पोचवणारा बावीस वर्षांचा एक पोरगा. मिरजेकडचा एक वायरमन, जो इथे कामाला होता. आणि मी. मोबाइल मुलाकडे दिला.

पहिले तीन दिवस नरक. दुसरा शब्द नाही. वायरमन घोरायचा. डास. एप्रिलचा घाम. तो हनफी, म्हणजे दुसऱ्या इमामाच्या रीतीचा, आम्ही शाफई. आमची असर त्याच्या हिशेबाने लवकर, फजरला आम्ही कुनूतला हात उचलले की तो गप्प उभा. त्यावरून चाचा त्याची चेष्टा करायचे आणि तो म्हणायचा, चाचा, तुमच्यापेक्षा माझं घोरणं तरी चारही इमामांना चालतं. माझ्या डोक्यात मात्र बेरीज अखंड. दुकानात निदान गिऱ्हाईक येऊन ती तोडायचं. इथे तोडायला कोणी नव्हतं. चादरीवर गुलाबाची नक्षी होती. त्या गुलाबांचीही मी मोजदाद केली. एका पडद्यावर एकशे चौतीस.

चौथ्या रात्री, सहरीच्या आधी, मी उठून बसलो होतो. चाचाही जागे. म्हणाले, काय चाललंय? मी सगळं सांगितलं. पाकिटासकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटीची गोष्ट सांगायला लागले. बोटीवर पाळी चार तासांची असते. चार तास सुकाणू तुझ्या हातात. मग दुसरा येतो, त्याला दिशा सांगायची, त्याने ती मोठ्याने परत म्हणायची, आणि मग तू हात काढायचास. "नवीन पोरांना हात काढवत नाहीत," ते म्हणाले. "तुफान असलं की मागे उभे राहतात. बघत बसतात. खाली जाऊन झोपत नाहीत. आणि मग त्यांची पुढची पाळी आली की डुलक्या काढतात. बोट धोक्यात येते ती अशा पोरांमुळे." थोडं थांबून म्हणाले, "तू अज़ान झाली की दुकानातून येतोस. पण सुकाणू धरूनच येतोस."

यावर मी काही बोललो नाही. पटलं असंही नाही. बोटीवर दुसरा सुकाणी डोळ्यांना दिसतो, हा माझा आक्षेप होता आणि तो मी त्यांना सांगितलाही. ते म्हणाले, "म्हणून तर ईमान म्हणतात त्याला," आणि वजूला गेले.

त्या दिवसापासून मी एक करून पाहिलं. नमाजेत बेरीज आली की तिला हाकलायचं नाही, हाकलली की ती जास्त चिवट होते. फक्त त्या क्षणी जो शब्द तोंडात आहे तो हळू म्हणायचा. रुकूत 'सुब्हान रब्बियल अज़ीम' तीनदा; तीन वेळा तीन श्वासांत. सजद्यात तसंच. घशातला क आला की तो नीट काढायचा, त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात दुसरं काही करता येत नाही. चाचांनी मला उच्चार का घोटायला लावले असतील ते तेव्हा थोडं लक्षात आलं.

सहाव्या दिवशी भाषांतर वाचताना सूरह हूदपर्यंत आलो. नूह पैगंबरांचा पूर. डोंगराएवढ्या लाटा, मुलाला हाक, मुलगा म्हणतो मी डोंगरावर जाईन, आणि मध्ये लाट येते. मी वाचत होतो आणि हात थंड पडत होते. मग चव्वेचाळिसावी आयत. 'या अर्दुब्लई माअकि, व या समाउ अक़्लिई.' हे धरती, तुझं पाणी गिळून टाक. आणि हे आकाशा, थांब. पुढे दोनच शब्द, 'व ग़ीदल माउ'. आणि पाणी ओसरलं.

मी पुस्तक बंद केलं. चिपळूणच्या कुठल्याही माणसाला विचारा, पाणी ओसरतं तेव्हा कसं वाटतं. आनंद होत नाही. पाणी होतं तोवर निदान खाली काय आहे ते दिसत नाही. नऊ महिने मी पाणी चढतानाची रात्र पुन्हा पुन्हा जगत होतो. ते ओसरलं होतं, हे मी कधी स्वतःला सांगितलंच नव्हतं. पडद्याआड बसून ते दोन शब्द किती वेळा म्हटले माहीत नाही. खरंच माहीत नाही, मोजले नाहीत.

झोपायच्या आधी चाचा बोटांवर तस्बीह करत. तेहतीस वेळा सुब्हानल्लाह, तेहतीस वेळा अल्हम्दुलिल्लाह, चौतीस वेळा अल्लाहु अकबर. हजरत फातिमांचे हात जातं ओढून ओढून सोलवटले होते. त्या वडिलांकडे मदतीला एखादा सेवक मागायला गेल्या. पैगंबरांनी सेवक दिला नाही. फातिमा आणि अली दोघांना सांगितलं, झोपताना हे म्हणत जा, सेवकापेक्षा हे बरं. ही हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण, मला लहानपणी थोडी कठोर वाटायची. माझी आजी जात्यावर दळायची आणि दळताना गायची. तेव्हा तिला कोणी गाऊ नकोस, दुसरं माणूस ठेव असं म्हटलं असतं तर तिने गाणं सोडलं नसतं, एवढं मला माहीत आहे. मी म्हणायला लागलो. शंभर आकडे, त्यांची बेरीज कधी चुकत नाही आणि त्यातून कुणाचं देणं निघत नाही. पहिल्या काही रात्री शंभर पूर्ण झाले. मग ऐंशीलाच झोप लागायला लागली.

सत्ताविसावी रात्र आली, २८ एप्रिलची. तरावीहमध्ये कुराण पूर्ण झाला, कुराण तोंडपाठ असलेल्या हाफिजसाहेबांनी दुआ लांबवली. मशीद खचाखच, लोक हुंदके देऊन रडत होते. कुरिअरवाला पोरगा लहान मुलासारखा रडत होता. मी कोरडा. अगदी कोरडा. मला अपराधी वाटलं, की शब-ए-क़द्रला, रमजानातल्या सर्वांत पवित्र रात्री, ज्याचं मन फुटत नाही त्याचं काय? पहाटे वायरमन म्हणाला, "भाई, मी पण नाही रडलो. पण झोपलो नाही ना आपण." त्याच्यासारख्या घोरणाऱ्या माणसाने हे म्हणावं याचं मला हसू आलं.

काही झालं असेल तर ते अठ्ठाविसाव्या रोजाला असरनंतर. वजूच्या जागेची मोरी तुंबली होती. मी काडी घालून बघितलं, मग हात घातला. आतून वाळलेल्या गाळाचा एक गोळा निघाला, मागच्या जुलैचा. पाणी भसकन निघून गेलं. मी हात धुतले, पायरीवर बसलो, समोर फणसाच्या झाडावर खार होती. एवढ्यात मगरिबची अज़ान झाली. म्हणजे दीड-पावणेदोन तास गेले होते आणि त्यात मी एकदाही बेरीज केली नव्हती. काहीच केलं नव्हतं. खजूर तोंडात टाकताना हे लक्षात आलं आणि मी थोडा घाबरलोच, काहीतरी विसरल्यासारखा.

१ मेला चंद्र दिसला नाही, त्यामुळे तीस रोजे पूर्ण झाले. त्या दिवसांत बाहेर मशिदींवरच्या भोंग्यांवरून राजकारण तापलं होतं, कुणीतरी ३ मेची मुदत दिली होती, नेमकी ईदची. आम्हाला ते डब्याबरोबर येणाऱ्या बातम्यांतून तुकड्या-तुकड्यांनी कळत होतं. चाचा म्हणाले, आपल्या मोहल्ल्यात शेजारचा पुजारी फजरला आपल्या आधी उठतो, त्याला विचारा. २ मेला सूर्यास्ताला एतेकाफ संपला. घरी गेलो. बायकोने दार उघडलं. मी म्हणालो, ते पाकीट... ठेवलंयस ना? ती म्हणाली, केव्हाच संपलं. मुलाची फी भरली, उरलेल्यातून शिलाई मशीनची मोटर घेतली. तुमची परवानगी येईपर्यंत थांबले असते तर पोराचं वर्ष गेलं असतं. दहा दिवस मी जे मनाशी घोळवत होतो, त्याचा निकाल तिने पहिल्या दिवशीच लावला होता.

मोठा बदल झाला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी जूनमध्ये झोपेची गोळी निम्मी केली, मग बंद केली. रक्तदाबाची चालू आहे. कर्ज आहे. चौथी रकात अजूनही कधी कधी हरवते.

त्या जुलैत पाऊस पुन्हा तसाच लागला. इशा पढून आलो, तस्बीह धरली. पुढचं आठवत नाही. कुणीतरी गदागदा हलवत होतं. बायको. नगरपरिषदेचा भोंगा वाजत होता, पाऊस पत्र्यावर कोसळत होता, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती जणू मी काही भलताच गुन्हा केलाय.

"तुम्ही झोपला होतात?" ती म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं. पावणेतीन. मुलाला उठवलं, टॉर्च घेतली, दुकानावर जाऊन कुलूप काढलं आणि तिघांनी मिळून रिळांचे खोके माळ्यावर चढवायला सुरुवात केली. या वेळी पंख्याच्याही वर.